प्रतिसाद: लाल कांदा थांबत नाही

वर कुणीतरी विचारलंय की भाव पडले तर शेतकऱ्यांनी कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवावा, रडायचं कशाला? उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, हे खरं. पण ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागू झाली तेव्हा बाजारात खरिपाचा लाल कांदा येत होता. त्यात पाणी जास्त. काढला की काही दिवसांतच विकावा लागतो, नाहीतर ढिगालाच कोंब फुटतात.

बंदीच्या आदल्या रात्री मामांनी ट्रॉली भरून ठेवली होती. सकाळी बाजार समितीत लिलावच बंद. दोन दिवस ट्रॉली ताडपत्रीखाली उभी होती, खालून काळपट पाणी ठिबकत होतं. शेवटी मिळेल त्या भावात दिला. हिशोबपट्टी हातात घेऊन मामी फक्त एवढंच म्हणाली, "खांडणीवाल्या बायकांचे पैसे आधी देऊन टाका." (खांडणी म्हणजे कांद्याची पात कापणं.) उरलेल्यात भाडंही सुटलं नाही.

ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त निर्यात करायची नाही), आणि मग थेट बंदी. चार महिन्यांत तीनदा नियम बदलले. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले होते, उठली ४ मे २०२४ला. लाल कांदा तोवर कधीच संपला होता.

शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा परवडायलाच हवा, माझंही घर पगारावर चालतं. पण त्यासाठी सरकारने स्वतःच्या तिजोरीतून फरक द्यावा. तो मामांच्या ट्रॉलीतून का काढायचा?