प्रतिसाद: टॉवरवरच कॅशे का नाही?

"टॉवरवरच डिस्क बसवा, गाजलेले व्हिडिओ तिथूनच द्या" म्हणजेच टॉवरवर कॅशे (वारंवार मागितल्या जाणाऱ्या गोष्टींची जवळ ठेवलेली प्रत) ठेवा, ही सूचना ऐकायला झकास आहे. पण ४जीमध्ये फोनचा डेटा टॉवरवरून टनेलमधून (दुसऱ्या पाकिटात गुंडाळून) थेट कोअर नेटवर्कमध्ये, म्हणजे ऑपरेटरच्या मध्यवर्ती यंत्रणेत, जातो. आतलं पाकीट उघडून कोणी काय मागितलंय ते बघणं हे टॉवरचं कामच नाही. डेटाचा हिशोबही पुढे कोअरमध्येच होतो. शिवाय एका टॉवरखाली माणसं ती किती! शंभर जण शंभर वेगळ्या रील्स बघत असतील तर डिस्क नुसती धूळ खाणार.

पूर्वी ऑपरेटर वाटेत प्रॉक्सी (मधला सर्व्हर) बसवून वेबची पानं, चित्रं साठवायचे. एचटीटीपीएस, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणारी कुलूपबंद देवाणघेवाण, सगळीकडे आल्यावर ते जवळपास बंदच पडलं. आता नेटफ्लिक्स, गूगल आपलेच सर्व्हर ऑपरेटरच्या जागेत ठेवतात. नेटफ्लिक्सचे तर वर्दळ कमी असते त्या वेळातच भरून घेतले जातात.

मात्र या सर्व्हरांनी वाचतो तो बॅकबोनचा, म्हणजे लांबच्या मुख्य वाहिन्यांचा, खर्च. टॉवर ते फोन हा भार तसूभरही हलत नाही, आणि गर्दीच्या लोकलमध्ये व्हिडिओ अडकतो तो बहुतेकदा तिथेच. २०२३च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. काही सेकंदांचा तोच तुकडा लाखो जण मागतात, म्हणजे कॅशेची चंगळच. तरी हवेतून प्रत्येक फोनला वेगळी प्रत जाते. त्यावर उपाय ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच प्रत सगळ्यांना एकदम पाठवणं. एलटीईत (४जीच्या तंत्रात) त्याची सोय आहे, पण फोननेही ती ओळखायला हवी.