८०डीला बॅटरी ग्रिप घ्यावी की हाताचा पट्टा? मनगटाने जीव खाल्लाय

खानापूर_फाटा

मंडळी नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी खानापूर तालुक्यातला. आठवडाभर बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो आणि लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी फोटो काढतो. कॅमेरा कॅनन ८०डी, तीन वर्षांमागे वापरलेला घेतलेला. लेन्स १७-५५ एफ/२.८, डोक्यावर ४३० ईएक्स फ्लॅश. परवा आईच्या पापडाचं पीठ मोजायच्या काट्यावर हे सगळं ठेवून बघितलं तर पावणेदोन किलो भरलं. एवढं घेऊन हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की चहाचा कप उचलवत नाही. सगळ्यात जास्त त्रास उभे फोटो काढताना. नवरा-नवरीचे पूर्ण उंचीचे फोटो म्हटले की कॅमेरा उभा फिरवायचा, उजवा कोपर कानाच्या वर. आणि पाहुणे तर रांगच लावतात.

दुसरं दुखणं बॅटरीचं. कॅमेऱ्यासोबत आलेली एक एलपी-ई६एन आणि एक लोकल. गेल्या लग्नात मंगलाष्टकाच्या चौथ्या कडव्याला बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. भटजी वधूवरांना सावधान म्हणत होते, घाम मला फुटला होता.

आता तीन वाटा दिसतायत. कोल्हापुरात एकजण मूळ कंपनीची बीजी-ई१४ ग्रिप (कॅमेऱ्याच्या तळाला लागणारा दोन बॅटऱ्यांचा डबा, उभ्या फोटोसाठी त्यावर वेगळं शटरचं बटण) वापरलेली ६,५०० ला देतोय. तशीच दिसणारी नक्कल ऑनलाइन निम्म्याहून कमी पैशात मिळते. किंवा कॅमेरा तळहाताला धरून ठेवणारा नुसता हाताचा पट्टा. खडेबाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, मागवून देतो पण परत घेणार नाही. चिकोडीच्या दुकानात सरळ "इल्ला री", म्हणजे नाही हो.

ग्रिपने मनगटाला खरंच आराम पडतो का? नकलेने कॅमेऱ्याला काही होतं का? आणि जोडीचा व्हिडिओवाला म्हणतो ग्रिप लावली की फ्लॅश लवकर भरतो, ते खरं का?

रोल_३६

शेवटचं आधी खोडून काढतो. फ्लॅश त्याच्या पोटातल्या चार पेन्सिल सेलवर भरतो. खालची ग्रिप त्याला एक थेंब पाजत नाही. फ्लॅश लवकर भरायला हवा असेल तर चांगले रिचार्जेबल सेल घाल, तुझ्या व्हिडिओवाल्याला माझा नमस्कार सांग.

आता बॅटरी. ८०डीची बॅटरी एका चार्जवर व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या काचेतून) बघून ९६० फोटो देते, हा मोजणीच्या ठरावीक पद्धतीचा आकडा, कंपनीच छापते. तेच मागच्या पडद्यावर बघून काढले तर ३००. तुझी चौथ्या कडव्याला संपते म्हणजे एक तर बॅटरी म्हातारी झालीय, नाही तर तू पडद्यावर बघून काहीतरी काढूलालास. मेनूमध्ये बॅटरी इन्फो म्हणून पान आहे ते उघड. त्यात रिचार्ज परफॉर्मन्स दिसेल. तिन्ही हिरव्या खुणा असतील तर बॅटरी धडधाकट, एकच लाल उरली असेल तर तिला निरोप दे. त्याच पानावर या चार्जवर किती फोटो निघाले तेही येतं. ते बघून मग सांग.

खानापूर_फाटा

बघितलं काका. दोन हिरव्या आहेत. आणि पकडलंत तुम्ही. मामेबहिणीच्या लग्नापासून रील काढून द्यायला लागलोय, आता सगळेच मागतात. ते पडद्यावरच.

लोकल बॅटरी घातली की त्या पानावर काहीच येत नाही, उलट कॅमेरा चालू करताना आधी संदेश दाखवून हो-नाही विचारत बसतो.

रोल_३६

तर तुझी बॅटरी रील खातात. त्याला ग्रिप कशाला? दोन मूळ बॅटऱ्या खिशात ठेव. बदलायला दहा सेकंद लागतात. ग्रिपमध्ये तरी काय, दोनच बॅटऱ्या बसतात, आणि त्यांचं वजन दिवसभर तुझ्याच हातात. दुसरी बॅटरी खिशात असली तर ते कमरेवर.

वैशाखवणवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, फोटोतलं कळत नाही, नवऱ्यामुळे हा धागा वाचला. अंगठा मुठीत घालून बोटं मिटा आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी सणकन कळ आली तर अंगठ्याच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) सुजल्याची शक्यता आहे, डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळंतिणींमध्ये फार दिसतं, बाळ उचलून उचलून. एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर काही आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा बांधून विश्रांती. कोणतंही यंत्र घ्या, पण वजन वाढवून हे बरं होणार नाही.

खानापूर_फाटा

ताई, तुमचं वाचून लगेच करून बघितलं. आई गं. उद्याच दाखवतो.

डी७२००_जिंदाबाद

निकॉनवाला आहे, पण एक फरक सांगतो, कारण पुढे कॅमेरा बदलशील तेव्हा उपयोगी पडेल. माझ्या डी७२०० ला एमबी-डी१५ ग्रिप लावली की कॅमेऱ्यातली बॅटरी जागेवरच राहते, ग्रिपमध्ये दुसरी बसते, तळाशी रबराखाली विजेचे ठिपके असतात त्यातून जोडणी होते. कॅननमध्ये कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार काढून टाकावं लागतं आणि ग्रिपचा उभा दांडा बॅटरीच्या खोबणीत जातो. आणि मॉडेल बघून घेणं. डी७५०० ला कंपनीने ग्रिपची सोयच ठेवली नाही. झेड६ ला पहिल्यांदा आली त्या एमबी-एन१० वर शटरचं बटणच नव्हतं, म्हणजे उभ्या फोटोला कोपर वर तो वरच. दोन बॅटऱ्यांचा डबा नुसता.

चित्ररथ

बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ मी दरवर्षी काढतो, रात्रभर. नरगुंदकर भावे चौकातून गर्दीत उलटं चालत. आधी मीही ग्रिप लावून जायचो, आता हाताचा पट्टा. पट्ट्याची गंमत अशी की बोटांनी कॅमेरा आवळून धरावा लागत नाही, तळहाताच्या मागून तो तोललेला राहतो. रथ येईपर्यंत हात खाली सोडायचा, बोटं मोकळी. कोणी धक्का दिला तरी कॅमेरा हातातच.

पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पट्ट्याचं वरचं टोक गळ्याच्या पट्ट्याच्या कडीत जातं, खालच्यासाठी तळाला ट्रायपॉडच्या भोकात एक पट्टी आवळायची असते. ही पट्टी उजवीकडे जाते आणि बहुतेक वेळा नेमकी बॅटरीच्या दारावर येते. म्हणजे बॅटरी बदलायची तर नाणं शोधा, स्क्रू सोडवा. माझे एका वर्षी तीन रथ तसेच निघून गेले. ग्रिपच्या तळालाच पट्ट्यासाठी कडी असते, म्हणून ग्रिपवाल्यांना ही कटकट नाही. बिनग्रिपवाल्याने अरुंद पट्टी बघून घ्यावी, कॅमेरा दुकानात नेऊन, दार उघडून.

दुसरं, हात आत अडकलेला असतो. फ्लॅशचं डोकं फिरवायला, लेन्स बदलायला डावा हात मोकळा पाहिजे. हळदीच्या गोंधळात पहिले दोन दिवस चिडचिड होईल.

कणकुंबीचा_पाऊस

नकली ग्रिपचा अनुभव माझ्याकडून घ्या, फुकट. नाव लिहीत नाही. पहिले चार महिने मस्त. मग खालचं चाक कितीही आवळलं तरी कॅमेरा आणि ग्रिप यांच्यात कुरकुर, ट्रायपॉडवर तर डुलायलाच लागली. मग शटर दाबल्यावर एखादा फोटो निघायचा, एखादा नाही. जोडणीचे ठिपके पुसले की परत चार दिवस. कणकुंबीला जुलैत नेली आणि सांध्यातून पाणी आत. कॅमेरा वाचला, ग्रिप तांदळाच्या डब्यात ठेवली ती अजून तिथेच आहे, बायको विचारते भात कधी.

सगळ्याच नकला अशा असतील असं नाही, माझ्या मित्राची पाच वर्षं चालली. पण लग्न पुन्हा होत नाही, तिथे कुरकुर नको.

रोल_३६

मुद्द्यावर येऊ. ग्रिप ही बॅटरीसाठी घ्यायची वस्तू नव्हे, उभ्या फोटोसाठी आहे. खालच्या शटरने कोपर खाली येतो, मनगट सरळ राहतं, यात शंका नाही. आणि ७०-२०० सारखी दीड किलोची लेन्स असेल तर मागचं वजन तिला तोल देतं. तुझी १७-५५ काही तेवढी जड नाही. ग्रिप आणि दुसरी बॅटरी मिळून पाव किलोच्या वर आणखी चढतं. म्हणजे दोन किलोच्या पुढे, आणि ताई म्हणतात तसं अंगठा आधीच आजारी.

माझी युक्ती सांगू? उभे फोटो आडवे काढ. हसू नको. ८०डीचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. आडव्यातून उभा कापला तर २६६७ बाय ४००० उरतात, म्हणजे १ कोटी ७ लाखाच्या आसपास. अल्बमच्या १२ बाय १८ च्या पानावर इंचाला २२२ पडले, मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या आत्याला काय कळणार आहे? जोडीचे दहा-बारा मुख्य फोटो तेवढे कॅमेरा फिरवून काढ, पाहुण्यांची रांग आडवी. फक्त दोन पावलं मागे जायला जागा पाहिजे, कार्यालयात ती मिळत नाही हे मान्य.

आणि घेण्याआधी उसनी आणून बघ. गोकाकला माझ्या ओळखीचा एकजण ७०डी वापरायचा, त्याच्याकडे मूळ बीजी-ई१४ आहे, ती ८०डीलाही चालते. सांगतो त्याला. एक लक्षात ठेव, बॅटरीचं दार काढलंस की टेबलावर ठेवू नकोस, हमखास हरवतं. ग्रिपच्या उभ्या दांड्यातच त्याच्यासाठी खाच आहे, तिथे बसव. आणि ग्रिपवरचा चालू-बंदचा खटका नको तेव्हा बंद कर, नाहीतर तळहाताने खालचं शटर दाबलं जातं आणि तुझ्या बुटांचे फोटो येतात.

खानापूर_फाटा

काका, उपकार. येत्या रविवारी गोकाकला जाऊन आणतो.

खानापूर_फाटा

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी डॉक्टरांचं: ताईंनी सांगितलं तेच निघालं. अंगठ्याचा पट्टा, गोळ्या, पंधरा दिवस जड काही उचलायचं नाही. एक लग्न मित्राला दिलं, पोटात दुखलं पण दिलं.

मग निपाणीच्या लग्नात ग्रिप लावून गेलो. उभ्या फोटोंना स्वर्ग, खोटं नाही. कोपर खाली, मनगट सरळ, करंगळीलाही धरायला जागा. पाहुण्यांची पूर्ण रांग एका दमात काढली. पण जेवणानंतर वजन जाणवायला लागलं आणि वरातीपर्यंत हात दोन्ही बाजूंनी भरून आला. मधे एक बॅटरी काढून एकीवरच चालवली, ग्रिप एकीवरही चालते, तेवढाच हलकेपणा. बुटांचे फोटो सात.

दुसऱ्या लग्नात ग्रिप काढून चित्ररथांच्या सांगण्याप्रमाणे अरुंद पट्टीचा हाताचा पट्टा, खिशात दोन मूळ बॅटऱ्या, आणि काकांची आडव्यातून उभा कापायची युक्ती. रीलसाठी व्हिडिओवाल्यालाच सांगितलं, तू काढ, पैसे वाटून घेऊ. कळ आली, पण दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलला. माझ्यासाठी निकाल लागला. मोठी लेन्स घेईन तेव्हा ग्रिप बघू. कोल्हापूरच्या माणसाला नाही कळवलं.

आता खरी भानगड. दुसऱ्या लग्नाला कॅमेरा चालला तो दाराच्या जागी चिकटपट्टी लावून. झालं असं की निपाणीहून रात्री एकला परत आलो, ग्रिप काढली, पिशवीत भरली आणि पहाटे गोकाकला जाणाऱ्या पाव्हण्याच्या हातात दिली. दार तुम्ही सांगितलं तसंच, त्या दांड्याच्या खाचेत नीट बसवलेलं होतं. तिथेच राहिलं. लग्नाच्या सकाळी बॅटरी घातली तर कॅमेरा चालूच होईना. दार मिटल्याचं कळायला तिथे एक बारीक खटका असतो, तो दाबलेला नसेल तर कॅननवाला मेलेल्यासारखा. शेवटी आगकाडीचा तुकडा खटक्यावर ठेवून वरून चिकटपट्टी. बॅटरी बदलताना प्रत्येक वेळी नवी काडी. नवरीकडचा एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, कॅमेरा पेटवायला काडी लागते होय?

रोल_३६

खाचेत ठेव म्हटलं होतं. काढायचं पण सांगायला पाहिजे होतं की काय तुला? थांब, फोन लावतो गोकाकला.

चित्ररथ

काडीची युक्ती लिहून ठेवतो.

खानापूर_फाटा

दार आलं. गोकाकहून सकाळच्या बसने, कंडक्टरच्या हाती, सुपारीच्या रिकाम्या पुडीत. सोबत चिठ्ठी कन्नडमधून, शेजाऱ्याकडून वाचून घेतली: "दार पाठवतोय. आणि मेमरी कार्डपण तुमचंच आहे का बघा."