मदत हवी आहे : दिव्याचा मोजलेला रोध आणि गणिताने येणारा रोध यांत इतका फरक कसा?

१२ व्होल्ट, २१ वॅट असे लिहिलेल्या टंगस्टन तंतूच्या दिव्याला १२ व्होल्टचा एकदिश (डीसी) विद्युतदाब दिला असता १.७५ अँपिअर विद्युतधारा मोजली. ओहमच्या नियमाप्रमाणे रोध साधारण ६.८६ ओहम येतो आणि दाब व धारा यांचा गुणाकार २१ वॅट होतो, म्हणजे इथपर्यंत सारे जुळते. मात्र तोच दिवा बंद व थंड असताना मल्टिमीटरने, प्रोबच्या तारांचा रोध वजा करून, जेमतेम ०.५ ओहम दाखवला. दाबाच्या वर्गाला या रोधाने भागले तर शक्ती २८८ वॅट निघते, जी अर्थातच सतत टिकणारी नाही. तापलेल्या धातूचा रोध वाढतो हे ठाऊक आहे. अडचण त्यापुढची आहे.

टंगस्टनचा तापमान गुणांक, म्हणजे तापमान एका अंशाने वाढल्यावर रोध मूळच्या किती पट वाढतो तो आकडा, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००४५ धरून सरळ रेषेचे सूत्र वापरले, तर तंतूचे तापमान २८०० अंशांच्या वर जाते, आणि अशा साध्या दिव्यासाठी हे मला फार वाटते. इतक्या मोठ्या पल्ल्यात रोधाची वाढ सरळ रेषेत राहत नसल्यास कोणते सूत्र किंवा कोष्टक वापरावे?

दुसरे असे की, दिवा लावताच क्षणभर वाहणारी धारा १२ भागिले ०.५, म्हणजे २४ अँपिअर धरून फ्यूज निवडावा, की पुरवठ्याचा व तारांचा रोध मिळवून हिशेब करावा? स्विचच्या संपर्कबिंदूंसाठीही हाच आकडा लागेल. जाणकारांनी कृपया गणितासह सांगावे.