प्रतिसाद : ‘मनावर घेऊ नका’ म्हणणं सोपं आहे

‘शब्द म्हणजे नुसता आवाज, लावून घ्यायचा की नाही ते आपल्या हातात’ असं टोचऱ्या बोलण्याबद्दल एकाने लिहिलं, ते मत मला अर्धंच पटलं. हातात येण्याआधी अंगावर काटा आलेला असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी उशिरा शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून, भावना उसळल्या की येणाऱ्या घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती बदलते ते मोजलं होतं. ‘लाज नाही वाटत?’ छापाची लहानपणची दटावणी मातृभाषेत ऐकताना प्रतिक्रिया ठसठशीत, इंग्रजीत फिकी. अर्थ तोच, मग फरक कुठला? शब्द ज्या वयात, ज्याच्या तोंडून शिकलो, तो धाक शब्दाला चिकटून राहतो. धुळ्या-जळगावकडच्या माणसाला साहेबाच्या इंग्रजी झापण्यापेक्षा घरच्या अहिराणीतला (खान्देशी बोलीतला) टोमणा खोल लागतो, त्याचं कारणही बहुधा हेच.

आणि अहिराणीचंच बघा. घरात मायलाही ‘तू’, आजीलाही ‘तू’. त्यात अपमान शोधणारा पुणेकर पाहुणा उगाच हिरमुसतो. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, पण प्रमाण मराठीच्या कानाला ती शिवी वाटते (हसू नका, बरेच जण दचकतात). उलट जवळच्या नात्यात अचानक ‘तुम्ही’ आलं की खान्देशी माणूस ओळखतो, काहीतरी बिनसलंय. त्यामुळे कोणी दुखावलं तर शब्दकोशातला अर्थ समजावत बसू नका, त्याने वाद चिघळतो. आधी ‘लागलं ना?’ विचारा, अर्थ मागाहून.