ख्रिस्ती प्रेमकथेच्या परीक्षणात ‘हे पटले नाही’ असे कसे लिहावे?

पानखूण

नमस्कार. आमच्या मंडळीच्या महिला संघाचे एका कपाटात मावेल एवढे वाचनालय आहे. अमेरिकेहून कायमच्या परत आलेल्या एका कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी त्याला पुस्तकांची तीन खोकी भेट दिली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पुस्तके तिकडच्या ख्रिस्ती प्रकाशकांच्या प्रेमकथा निघाल्या. मुखपृष्ठावर गव्हाचे शेत, लांब झगा घातलेली अर्धवट वळलेली तरुणी आणि आत पहिल्याच पानावर पवित्र शास्त्रातील एक वचन, असा त्यांचा थाट असतो. संघाच्या मासिक पत्रकात दर महिन्याला त्यांतील एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून आजवर अकरा परीक्षणे लिहून झाली आहेत.

माझी अडचण अशी की या कादंबऱ्यांचा शेवटच नव्हे, तर वळणेही ठरलेली असतात. दोघांपैकी एक जण देवापासून दुरावलेला असतो. तो विश्वासात येईपर्यंत लग्न होऊ शकत नाही, कारण विश्वास न ठेवणाऱ्यांशी ‘विजोड’ होऊ नका, ही पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (६:१४) दिलेली ताकीद लेखिकेच्या डोळ्यांसमोर असते. पाऊण पुस्तक संपले की ती व्यक्ती प्रार्थनेत मोडून पडते आणि पुढच्या तीन-चार प्रकरणांत मंगलकार्य उरकते. मागील महिन्यात मी लिहिले की नायिकेचे हृदयपरिवर्तन एका वादळी रात्रीत आटोपले आहे आणि ते पटत नाही. पत्रक हाती आले तेव्हा ते वाक्य गाळलेले होते. चौकशी केल्यावर, “पवित्र आत्म्याचे कार्य पटत नाही, असे आपण कसे छापणार?” असे उत्तर मिळाले. माझा आक्षेप लेखिकेवर होता, पवित्र आत्म्यावर नव्हता. परंतु हा फरक मला चार शब्दांत मांडता आला नाही आणि मी गप्प बसले.

या पुस्तकांना साहित्याची कसोटी लावावी की भक्तिपर वाङ्मयाची? पुढील अंकासाठी जेनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ घेतली आहे, म्हणून हा प्रश्न तातडीचा आहे.

जुनी बांधणी

पानखूणताई, आपले वाक्य न विचारता गाळायला नको होते, परंतु आपल्याला विचारलेला प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. वारा पाहिजे तिकडे वाहतो, हे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटलेलेच आहे. त्यामुळे परिवर्तन एका रात्रीत झाले याला दोष म्हणता येणार नाही. पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या शौलाचे परिवर्तन तर त्याहूनही कमी वेळात, दिमिष्काजवळ भर रस्त्यात झाले. मात्र प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय त्या प्रकाशापाशी थांबत नाही. शौलाला तीन दिवस दिसत नाही, तो अन्नपाणी घेत नाही, लोकांना त्याला हात धरून गावात न्यावे लागते. आणि हनन्या नावाच्या ज्या शिष्याला त्याच्याकडे जाण्याची आज्ञा होते, तो आधी कां-कूं करत म्हणतो की या माणसाने किती छळ केला आहे हे मी पुष्कळांकडून ऐकले आहे. परिवर्तन क्षणाचे असले, तरी त्याची झळ शरीराला लागते आणि आजूबाजूच्या माणसांना ते सुखासुखी पचत नाही. आपल्या कादंबरीत त्या रात्रीनंतर नायिकेवर कोणी शंका घेतली का? तिची एखादी जुनी खोड सकाळी पुन्हा वर आली का? तसे काही नसेल, तर ‘परिवर्तन पटले नाही’ असे न लिहिता ‘परिवर्तनानंतरची सकाळ लेखिकेने लिहिलेलीच नाही’ असे लिहावे. हे वाक्य गाळण्यास कोणाला सबब सापडणार नाही, आणि खरे सांगायचे तर ते आपल्या मूळ वाक्यापेक्षा अधिक नेमकेही आहे.

शेवट ठाऊक असणे हाही माझ्या मते दोष नव्हे. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यान पाठ असते, तरी माणसे उत्तररंगासाठी थांबतात. बुवा ते कसे सांगतात, कोठे थांबतात आणि कोठे घाई करतात, याकडेच सगळ्यांचे लक्ष असते. आपल्या नगर भागातील ख्रिस्ती कीर्तनकारांनी नेमका हाच साचा उचलला, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. हे पुस्तक १९७९ साली बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने काढले आणि आजच्या ख्रिस्ती प्रेमकथांची बाजारपेठ त्यानंतर उभी राहिली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. असे लेखन त्यापूर्वीही होते; ग्रेस लिव्हिंगस्टन हिल (१८६५–१९४७) यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. ओक यांचे वेगळेपण त्यांच्या कथेच्या मांडणीत आहे. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा अपघाती मरतो. त्याला पुरले त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस हा अनोळखी विधुर तिला लग्नाचे विचारतो. त्याच्या लहान मुलीला आईची गरज आहे, मार्टीला डोक्यावर छप्पर हवे आहे, आणि वसंत ऋतूत पूर्वेकडे परतणाऱ्या गाड्यांबरोबर तिला जायचे असेल तर प्रवासखर्च तो देणार आहे. त्या घरातील पहिले दिवस आपण पुन्हा नीट वाचा. मार्टीला स्वयंपाक येत नाही. येतात ते केवळ पॅनकेक. ती तेच पुन्हा पुन्हा वाढते आणि क्लार्क ते निमूटपणे खातो. त्याच्या धर्माविषयी त्या ताटांतून जेवढे कळते, तेवढे एखाद्या उपदेशातून क्वचितच कळले असते.

माझी एक सवय सांगतो. असे पुस्तक वाचताना मी समासात पेन्सिलीने दोनच खुणा करतो. पात्राची श्रद्धा त्याच्या वागण्यातून दिसली की टिंब, आणि ती कोणी बोलून दाखवली की फुली. (पुस्तक वाचनालयाचे असेल तर पेन्सिल हलक्या हाताने चालवावी.) पुस्तक मिटल्यावर पाने फडफडवून पाहिली की परीक्षण कोठून सुरू करावे ते आपोआप सुचते.

तिसरा डबा

क्षमा असावी, पण मला ही सगळी चिरफाड थोडी जास्त वाटते. मी ख्रिस्ती नाही. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशकाची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही माला (ती १९९७ पासून निघते) मी केवळ एवढ्यासाठी वाचते की तीत शिव्या नाहीत, दारू नाही, शयनगृहाच्या उंबऱ्याबाहेर लेखिका थांबते आणि साधारण पंचावन्न हजार शब्दांत दोन माणसांचे भले होते. दिवसभर कार्यालयात हुज्जत घातल्यानंतर परतीच्या गाडीत मला तेवढेच हवे असते. प्रार्थनेची पाने मी वाचते, कधी चाळते. त्यांनी माझे काही बिघडत नाही. परीक्षणात मला हवी असते ती साधी माहिती: कथा कोठे घडते, त्यात मूल गमावण्याचा किंवा मारहाणीचा प्रसंग आहे का, आणि मालिकेतील आधीचे पुस्तक वाचले नसेल तर अडते का. आपल्या संघातील भगिनीही बहुधा एवढेच शोधत असतील.

सहा महिने हिवाळा

तिसरा डबा यांनी मारहाणीच्या प्रसंगाचा उल्लेख केला, तो धागा उचलतो. मी अमेरिकेत राहतो आणि प्रकाशनापूर्वी मिळणाऱ्या प्रतींवर काही वर्षे इंग्रजीत परीक्षणे लिहीत आलो आहे. या प्रकारातील लेखनात भाषा स्वच्छ असली की सर्व काही निर्मळ आहे असे गृहीत धरले जाते, आणि परीक्षकाने सर्वांत जास्त सावध राहायला हवे ते येथेच.

फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ घ्या. ती १९९१ साली सर्वसाधारण वाचकांसाठी निघाली आणि १९९७ मध्ये सुधारित रूपात ख्रिस्ती प्रकाशकाकडून आली. देवाच्या आज्ञेने व्यभिचारी स्त्रीशी लग्न करणाऱ्या होशेय संदेष्ट्याची कथा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात आणून बसवली आहे. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली एंजल आणि ‘हिच्याशीच लग्न कर’ असा देवाचा आवाज ऐकणारा शेतकरी मायकल होशेय, ही त्यातील जोडी. या पुस्तकाने असंख्य वाचकांना रडवले आहे, मीही त्यांतला एक आहे. तरीही एंजल बेदम मार खाऊन जेमतेम शुद्धीवर असताना लग्न लागते, हे परीक्षकाने नोंदवायलाच हवे. देवाने नायकाला सांगितले. नायिकेला कोणी विचारले, आणि ती उत्तर देण्याच्या स्थितीत होती का? हा प्रश्न विचारल्याने होशेयाच्या पुस्तकाचा अवमान होत नाही. रूपक म्हणून देव आणि इस्राएल यांच्यात जे चालते, ते दोन हाडामांसाच्या माणसांवर जसेच्या तसे उतरवले की काय अडचण होते, हेच तर परीक्षणात सांगायचे असते.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेने २०२१ साली धार्मिक वा आध्यात्मिक आशयाच्या प्रेमकथेसाठीचा आपला ‘व्हिव्हियन’ पुरस्कार कॅरन विटमायर यांच्या ‘अॅट लव्हज कमांड’ या कादंबरीला दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला. कादंबरीच्या आरंभी वूंडेड नी येथे १८९० साली अमेरिकी घोडदळाने केलेली लकोटा या मूळ रहिवासी लोकांची कत्तल आहे, नायक त्याच घोडदळातला आहे आणि पुढे पश्चात्ताप करून तो कथेचा नायक म्हणून शोभून दिसतो. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते की येथे कत्तलीचा उपयोग नायकाच्या आत्मशोधाची पायरी म्हणून झाला आहे. बाजू मांडणारेही होते. देवाची क्षमा कोणालाही मिळू शकते, हा त्यांचा मुद्दा. मला या वादात राहून राहून येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेला जकातदार जक्कय आठवला. तो झाडावरून उतरल्यावर केवळ पश्चात्ताप झाल्याचे सांगत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करतो म्हणतो (लूक १९:८). या प्रकारच्या कादंबरीला लावण्यास याहून योग्य माप मला सापडलेले नाही. नायकाने देवाशी हिशेब मिटवला. ज्यांचे नुकसान केले त्यांच्याशी मिटवला का? पानखूणताई, आपल्या संपादकांना साहित्यशास्त्र नको असेल, तर लूककृत शुभवर्तमान त्यांना नाकारता येणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट: पुस्तक प्रकाशकाकडून फुकट मिळाले असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) २००९ साली आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारताना ब्लॉगवर लिहिणाऱ्यांनाही त्यांच्या कक्षेत घेतले. आपली पुस्तके खोक्यातून आली, त्यामुळे आपण मोकळ्या आहात. फुकटच्या पुस्तकावर ‘पटले नाही’ लिहिताना हात जरा अडखळतो, हे मात्र अनुभवाने सांगतो.

पैलतीर

या चर्चेत बाबा पदमनजी यांचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचा मान सांगितला जातो, ते पुस्तक ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेले आहे आणि त्यातील विधवा नायिका शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. पानखूणताईंच्या खोक्यांतील कादंबऱ्यांचा आराखडा आपल्याकडे किती आधी येऊन गेला, ते पाहा. ‘प्रचारकी’ हा शेरा त्या पुस्तकावर पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला आणि तो खोटा नाही. धर्मचर्चेची पाने आज नेटाने वाचावी लागतात. परंतु यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती, केशवपनाची धास्ती, घरातल्यांचे बोलणे, हे वाचताना नेट लावावा लागत नाही. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकात दोन्ही आहे, आणि परीक्षकाने ते वेगवेगळे दाखवले तर लेखकाच्या श्रद्धेवर शिंतोडा उडत नाही.

तिसरा डबा यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. माहिती अवश्य द्यावी. फक्त ती पुस्तकाच्या मागील बाजूसही छापलेली असते.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. ‘परिवर्तनानंतरची सकाळ’ हे शब्द मी संपादकबाईंना फोनवर वाचून दाखवले. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे छापू, पण जुनी बांधणी म्हणजे कोण, ते आधी सांगा.” मागील परीक्षणावर चार ओळींचा खुलासा येत्या अंकात येईल. तिसरा डबा यांच्या सूचनेप्रमाणे यापुढे प्रत्येक परीक्षणाखाली दोन ओळींची माहितीही देणार आहे; आमच्याकडे मूल गमावलेल्या दोन भगिनी आहेत आणि हे मला आधीच सुचायला हवे होते.

शनिवारी पेन्सिल घेऊन बसले. नव्या परीक्षणाचा आरंभ असा केला आहे, निःसंकोच दुरुस्त्या सुचवाव्यात:

“नवऱ्याला पुरल्याच्या दिवशीच परक्या माणसाची बायको होणे भाग पडलेली मार्टी नव्या घरात पॅनकेक करते, कारण तिला दुसरे काही येत नाही. क्लार्क ते खातो. दुसऱ्या वेळीही खातो. तो न्याहारीपूर्वी मोठ्याने प्रार्थना करतो तेव्हा मार्टी गोंधळते, कारण एवढे सगळे आभार कशाचे मानायचे ते तिला कळत नाही. मलाही त्या पानांवर ते पूर्णपणे कळले नाही, आणि क्लार्क इतका सहनशील आहे की एकदा तरी त्याने ताट बाजूला सारायला हवे होते, असे वाटून गेले. ज्या भगिनींनी लग्नानंतर पहिल्यांदा परक्या चुलीपुढे उभे राहून पाहिले आहे, त्यांनी ही पहिली प्रकरणे सावकाश वाचावीत.”

‘ताट बाजूला सारायला हवे होते’ हे वाक्य राहील की जाईल, याबद्दल मात्र मला अजून खात्री नाही.

जुनी बांधणी

राहू द्या. ते गेले तर मला कळवा, मी त्यांना पत्र लिहितो.