विषय: फैजपूरला राहिलेली लेन्स

प्रेषक: फैजपूर, हल्ली लीड्स

नमस्कार मंडळी,

जानेवारीत वडिलांच्या ऑपरेशनसाठी घाईने गावी गेलो होतो, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. ते घरी आल्यावर दोन सकाळी हतनूर धरणावर काढल्या. चक्रवाक आणि थापट्या बदकं भरपूर होती. निघताना आईने दिलेली बिबड्यांची पिशवी आणि वडिलांचे रिपोर्ट यांतच बॅगेचं वजन संपलं आणि माझी निकॉनची २००-५०० मिलिमीटरची, दूरचे पक्षी टिपायची झूम लेन्स घरच्या कपाटात राहिली. पुढे महिनाभरात परत जाणं होईल असं वाटलं होतं. आता वडील ठणठणीत आहेत आणि लवकर जाणं होत नाही.

भाऊ पाठवायला तयार आहे. पण त्याने असली वस्तू कधी बांधलेली नाही आणि मीही नाही. चार वर्षं पैसे साठवून घेतलेली लेन्स आहे, त्यामुळे जीव अडकलाय. कुणी पाठवली-मागवली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

*

प्रेषक: चाळीसगाव, हल्ली मँचेस्टर

अरे, मी २२ मेला मुंबईहून निघतेय. भावाला म्हणावं चाळीसगाव स्टेशनवर आणून दे, मी हातातल्या बॅगेत आणते. कुरियरच्या भानगडीत पडूच नकोस.

*

प्रेषक: सावदा, हल्ली ब्रॅडफर्ड

चिरंजीव,

वडील बरे झाले हे वाचून आधी समाधान वाटलं. त्यांना माझा नमस्कार कळव.

ताई आणते म्हणाली हे तिचं मोठं मन. त्यातल्या कस्टमच्या बाजूबद्दल आपल्या धुळ्याच्या भाऊंनी लिहावं, ते त्याच व्यवसायात आहेत. मी बांधणीबद्दल लिहितो, कारण या बाबतीत मी एकदा फार वाईट पोळलो आहे.

बारा वर्षांपूर्वी माझी ७०-२०० लेन्स सावद्याहून पुण्याला भाच्याकडे पाठवली. तो नुकताच लग्नाचे फोटो काढायला लागला होता. मी एक मजबूत खोकं घेतलं, लेन्स मधोमध ठेवली आणि चारी बाजूंनी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले. खोकं पोचलं ते जसंच्या तसं, एक कोपराही चेपला नव्हता. भाच्याने सही करून घेतलं, लेन्स वरवर पाहिली, काच स्वच्छ होती. तीन आठवड्यांनी पहिल्या लग्नाचे फोटो पाहताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक फोटोची डावी कड मऊ, धूसर आहे. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की आतल्या भिंगांचा एक गट कलला आहे. कुरियरकडे तक्रारीची मुदत संपलेली आणि पाठवण्यापूर्वीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्या पोराच्या पहिल्या कामाचं माझ्यामुळे नुकसान झालं, ते मला अजून टोचतं.

तू केळी पिकवणाऱ्या घरातला आहेस, तुला पटकन कळेल. घडाला मार बसला तर तो कापणीच्या दिवशी दिसतो का? माल हिरवागार दिसतो. पिकायला लागला की मग काळा चट्टा वर येतो. लेन्सचं अगदी तसंच. म्हणून भावाला सांग, निर्यातीचा माल भरतात त्याच काळजीने भर. पॅकहाऊसमध्ये, म्हणजे केळी खोक्यांत भरतात तिथे, दोन फण्यांच्या मध्ये फोमशीट घालतात ती घड मऊ राहावा म्हणून नव्हे, फणी फणीला घासू नये आणि खोक्यात काही हलू नये म्हणून. माझ्या वर्तमानपत्राने तिथेच दगा दिला. कागदाचे बोळे प्रवासात दबत जातात, पोकळी तयार होते आणि मग जड लेन्स प्रत्येक उचल-आपटीला आतून भिंतीवर आदळते.

आता लेन्सची तयारी. तुझ्या लेन्सला २०० वर झूमची खटकी आहे, ती लावायची, म्हणजे नळी बाहेर सरकणार नाही. व्हीआरचं, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं, बटण बंद. पुढचा फिल्टर काढून वेगळा बांधायचा. ९५ मिलिमीटरची ती काच फुटली तर तिचेच तुकडे पुढच्या भिंगावर ओरखडे काढतात. दोन्ही टोकांची झाकणं नीट बसवायची. हूड, म्हणजे पुढची उन्हाची झापड, उलटा लावायचा किंवा वेगळा द्यायचा. ट्रायपॉडचा पाय असलेली कडी काढून घ्यायची. एका बाजूला बाहेर आलेला तो पाय फटका थेट नळीपर्यंत पोचवतो. आणि लेन्स कॅमेऱ्याला जोडून कधीही पाठवायची नाही, सगळा भार जोडाच्या कडीवर येतो. झाकणं लावण्याआधी दिवसाच्या उजेडात दोन्ही काचांचे, सिरीयल नंबरचे आणि एकूण लेन्सचे फोटो भावाने काढून तुला पाठवावेत. मग बांधणीच्या प्रत्येक पायरीचे.

लेन्स आधी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, बरोबर सिलिका जेलच्या दोन-तीन बंद पुड्या. तांदूळ नको, त्याची भुकटी फटीत शिरते. कापूसही नको. आपल्याकडे घरात कापूस असतोच आणि हात आधी तिकडेच जातो, पण तंतू झूमच्या कडीत अडकतात. पिशवीवर बबल रॅपचे तीन-चार वेढे, मग आतलं खोकं साधारण ३५ × २० × २० सेंटिमीटरचं, त्यातली मोकळी जागा फोमने गच्च भरायची. ते बाहेरच्या ४५ × ३० × ३० च्या खोक्यात, म्हणजे सहाही बाजूंनी ५ सेंटिमीटर गादी मिळते. खोक्यात खोकं, हे टाळायचं नाही. बाहेरचं खोकं पडलं तरी धक्का मधल्या गादीत जिरतो.

इथे पॅकहाऊसवाल्याची एक चूक होण्यासारखी आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. केळीचं जुनं खोकं बाहेरून वापरू नका. त्याला हवेची भोकं असतात आणि शीतगृहात राहिलेला पुठ्ठा दमट होऊन नरम पडलेला असतो. फोमशीटही नवीच घ्या. वापरलेल्या शीटला केळीचा चीक असतो, तो लागला तर निघत नाही. कोरं ५ किंवा ७ प्लायचं खोकं फैजपुरात सहज मिळेल.

बंद केल्यावर खोकं कानाशी धरून जोरात हलवायचं, सहाही बाजूंनी उलटंपालटं करायचं. आतून जरा जरी काही सरकल्याचा भास झाला तर टेप फाडून पुन्हा भरायचं. मगच रुंद टेप वर-खाली तिन्ही शिवणींवर. खोक्यावर निकॉनचं नाव किंवा कॅमेऱ्याचं चित्र अजिबात नको. 'नाजूक' लिहिलं तर लिहा, पण सामान निवडणारे पट्टे ते वाचत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

एप्रिल सरत आलाय, आपल्याकडचं ऊन मी सांगायला नको. दुपारी गाडीच्या डिक्कीत खोकं ठेवून भाऊ जळगावला दुसरी कामं करत बसला तर आतलं ग्रीस पातळ होऊन प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर उतरू शकतं. सकाळी लवकर नेऊन थेट काउंटरवर द्यावं.

*

प्रेषक: धुळे, हल्ली बर्मिंगहॅम

राम राम, बठ्ठा मजामा शेतस ना?

काकांच्या बांधणीत मला भर घालण्यासारखं काही नाही. कागदांचं सांगतो.

ताई, तुमची भावना कळते, पण विमानतळावर विचारतात की सामान तुम्हीच भरलं का, कुणी काही दिलं का. खोटं बोलायची वेळ येऊ नये. शिवाय इथे ब्रिटनमध्ये विमानाने येणाऱ्याला ३९० पौंडांपर्यंतच्या वस्तूंवर करसवलत आहे आणि ती स्वतःच्या वापराच्या किंवा भेट द्यायच्या वस्तूंसाठी. ही लेन्स त्याहून महाग आहे आणि तुमचीही नाही. कस्टमला माल जाहीर करायच्या लाल मार्गिकेत कागद दाखवून आणता येईल, पण प्रश्नांना उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. ज्याची वस्तू त्याच्या नावावर आलेली बरी.

भाऊ, तुझी लेन्स इथे घेतलेली, व्हॅट भरलेली, तूच नेलेली आणि तुझ्याकडेच परत येणारी. अशा मालाला इथे 'रिटर्न्ड गुड्स रिलीफ' आहे. बाहेर नेल्यापासून ३ वर्षांच्या आत आणि वस्तूत फेरफार न करता परत आली तर ड्युटी आणि २० टक्के व्हॅट माफ होतो. मात्र तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. दुकानाचं बिल, त्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा सिरीयल नंबर आणि जानेवारीतलं तिकीट तयार ठेव. कुरियर बुक करतानाच सांग की हा दावा करायचा आहे. पाकीट इथे पोचल्यावर सांगशील तर आधी कर भरून मागे परतावा मागत बसावं लागेल.

इन्व्हॉइसवर 'वापरलेली कॅमेरा लेन्स, मालकाकडे परत' असं स्पष्ट लिहायचं, सिरीयल नंबरासह. एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, ९००२ ११. किंमत खरी. 'गिफ्ट, २० पौंड' असं लिहिण्याचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. तो ऐकू नकोस. ते खोटं आहे आणि लेन्स हरवली तर भरपाईही २० पौंडांचीच मिळेल.

विमा वेगळा घे. विमानाने जाणाऱ्या मालासाठी मॉन्ट्रियल करारात भरपाईची मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे, डिसेंबर २०२४ पर्यंत ती २२ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, एक म्हणजे साधारण एक पौंड धर. तुझं खोकं ४ किलोचं भरलं तर शंभर पौंडांच्या जरा पुढेमागे, बस. त्याच करारात नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करायची असते. काकांचे तीन आठवडे आठव. कंपनीची स्वतःची मुदत याहूनही कमी असू शकते, पावतीमागचं बारीक अक्षर वाच.

भाड्याचं एक लक्षात ठेव. कुरियरवाले आकारमानाचं वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००. काकांच्या मापाने ४०,५०० भागिले ५०००, म्हणजे ८.१ किलोचे पैसे पडतील. ते बघून तुझा भाऊ लहान खोकं घ्यायला जाईल. त्याला आधीच सांगून ठेव की नको. कॅमेऱ्याची बॅटरी पेटीत घालू नका, लिथियमचे नियम लागू होतील. भावाने स्वतःच्या आधारची प्रत बरोबर न्यावी, केवायसीला मागतात.

*

प्रेषक: चाळीसगाव, हल्ली मँचेस्टर

पटलं. मला ३९० चं माहीत नव्हतं. मी आता चाळीसगावहून फक्त लोणचं आणते.

*

प्रेषक: फैजपूर, हल्ली लीड्स

नमस्कार,

काल दुपारी लेन्स पोचली.

काकांचं पत्र मी भावाला जसंच्या तसं पाठवलं. त्याने ते पॅकहाऊसमधल्या माणसांना वाचून दाखवलं आणि खोकं भरायला जी मावशी निर्यातीचा माल भरते तिलाच बसवलं. तिने पहिल्यांदा भरलेलं खोकं स्वतःच हलवून पाहिलं, तिला आत काहीतरी जाणवलं आणि तिने टेप कापून पुन्हा भरलं. भावाने बत्तीस फोटो पाठवलेत. जळगावला तो पहाटे साडेसहाला निघाला, पण काउंटर दहाला उघडतं. तोपर्यंत पेटी मांडीवर घेऊन सावलीत बसला होता.

कर लागला नाही. कुरियरवाल्यांनी एकदा फोन करून बिल मागितलं, मी पाच मिनिटांत पाठवलं.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला. बाहेरच्या खोक्याचा एक कोपरा बोटभर आत गेला होता, आतलं खोकं मात्र कोरं होतं. रात्रभर पिशवी न उघडता घरात ठेवली. आज सकाळी समोरच्या विटांच्या भिंतीचे ट्रायपॉडवरून फोटो काढले, एफ ५.६ वर, २००, ३५० आणि ५०० ला. पडद्यावर मोठे करून चारही कोपरे पाहिले. काका, चारही सारखे आहेत. खात्री करण्यासाठी तुम्हाला तीन फाइल वेगळ्या पाठवल्या आहेत, तुमच्या नजरेखालून घाला. १४ दिवसांच्या आत सांगितलंत तर बरं.

मावशीला काय पाठवू असं भावाला विचारलं, तर म्हणाला की तिला त्या लेन्समधून काढलेला पक्ष्याचा फोटो पाहायचा आहे. हतनूरच्या चक्रवाकाच्या जोडीचा मोठा प्रिंट आज छापायला टाकला. तो ताई २२ मेनंतर परत कधी गावी जाणार असतील तर त्यांच्याबरोबर देईन, नाहीतर नळीत घालून पोस्टाने.