मदत हवी आहे: एकाच जागेचं शैवाल, शिशाचे तीन आकडे

खाजणकाठ:
एकाच खडकावरून घेतलेले तीन नमुने. शिसं १.४, २.० आणि ४.१. यंत्र ठीक आहे, दोनदा तपासलं. अहवाल अडकलाय. कोणता आकडा धरू?

भरतीओहोटी:
कोणतं शैवाल? आकडे कोरड्या वजनावर की ओल्या? धुतलं कसं?

खाजणकाठ:
उल्वा, म्हणजे पानासारखं हिरवं शैवाल. मिग्रॅ प्रति किलो, कोरडं अर्थातच. धुणं नेहमीसारखं.

तपकिरी_पंखा:
उल्वा सोडा, पडिना किंवा सरगॅसम घ्या. ती तपकिरी शैवालं, त्यांच्या पेशीभित्तीतलं अल्जिनेट शिसं घट्ट धरतं.

भरतीओहोटी:
पडिनावर चुन्याचा थर असतो, त्यात गाळ अडकतो तो वेगळाच. शिवाय दोन जातींच्या आकड्यांची तुलना होत नाही. प्रश्न उल्वाचा आहे हो. खाजणकाठ, "नेहमीसारखं" म्हणजे काय?

खाजणकाठ:
नळाखाली धरलं, मग ६० अंशांवर वाळवलं. ०.५ ग्रॅम, ८ मिली नायट्रिक आम्ल, २ मिली पेरॉक्साइड, मायक्रोवेव्हमध्ये विरघळवलं. तळाशी पांढरट कण उरतात ते गाळून टाकतो.

आम्लपात्र:
ते कण म्हणजे वाळू-माती! हायड्रोफ्लोरिक आम्लाशिवाय त्यातलं सिलिकेट पूर्ण विरघळत नाही, पण मातीला चिकटलेलं शिसं नायट्रिकमध्ये बऱ्यापैकी उतरतं. ॲल्युमिनियम आणि कॅडमियम मोजलंय का?

खाजणकाठ:
ॲल्युमिनियम ३००, ९००, २९००. कॅडमियम ०.२१, ०.२३, ०.२०. त्याचा इथे काय संबंध?

आम्लपात्र:
सगळा संबंध त्याचाच आहे. कॅडमियम जागचं हललं नाही, म्हणजे तोलणं, आम्ल, पातळ करणं बरोबर. ॲल्युमिनियम ही मातीची खूण, आणि शिसं मात्र त्याच्यासोबत चढतंय. आलेख काढा, रेषा ॲल्युमिनियम शून्यावर शिशाच्या १.१ जवळ येते. शैवालाचं स्वतःचं शिसं साधारण तेवढं, उरलेलं गाळाचं. तीन बिंदूंवर अहवाल मात्र लिहू नका. सरासरी तर मुळीच नको.

भरतीओहोटी:
नमुना पुन्हा घ्या. त्याच जागेच्या समुद्राच्या पाण्यात हलवून धुवा, नायलॉनच्या मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासा, शेवटी शुद्ध पाण्यातून दहा सेकंद. जास्त वेळ गोड्या पाण्यात ठेवलं तर पेशी फुटतात.

तपकिरी_पंखा:
शुद्ध पाणी कशाला? समुद्राचं पुरे.

भरतीओहोटी:
मग मीठ वजनात येतं आणि आकडा खाली जातो.

निळीखाडी:
ईडीटीएने, म्हणजे धातू पकडणाऱ्या रसायनाने धुवा, पृष्ठभाग स्वच्छ होईल.

आम्लपात्र:
पेशीभित्तीवर बसलेलं शिसंही निघून जाईल. तेच तर मोजायचंय. सोबत नमुना न घातलेलं रिकामं आम्ल आणि बीसीआर-२७९ चालवा, ते उल्वाचंच प्रमाणित द्रव्य आहे, त्यातलं शिसं आधीच ठाऊक असतं. पारा मोजणार असाल तर ६० अंशांऐवजी फ्रीझ-ड्राय (गोठवून वाळवणं) करा, उष्णतेने पारा उडतो.

निळीखाडी:
हे शैवाल खाल्लं तर चालेल का? आर्सेनिकचं ऐकलंय.

भरतीओहोटी:
तपकिरीत आर्सेनिक बरंच असतं, बहुतेक सेंद्रिय रूपात. हिजिकी या जपानी तपकिरी शैवालात मात्र अकार्बनी जास्त. वेगळा धागा काढा.

खाजणकाठ:
जुने वाळलेले नमुने आता घासून चालतील?

आम्लपात्र:
नाही. पानं वाळली की गाळ चिकटून बसतो.